आधी कुंपण, मग कोंबड्या, शेवटी शेळ्या: छोट्या वाडीची सुरुवात

वाडीवर जनावरे पाळायची ठरली की पहिल्या उत्साहात सगळेच एकदम आणावेसे वाटते. डझनभर कोंबड्या, चार बदके, दोन शेळ्या, जमलेच तर सशांची जोडी. माझा आग्रह याच्या अगदी उलट आहे. एका वेळी एकच प्राणी आणा. तो दारात येण्याआधी त्याच्या राहण्याची सोय शेवटच्या कडीकोयंड्यापर्यंत पूर्ण करा. आणि त्याचे एक अख्खे वर्ष डोळ्यांखालून गेल्याशिवाय दुसरा प्राणी आणू नका. वर्षभर यासाठी, की उन्हाळ्यात, पावसात आणि दिवस लहान झाल्यावर तेच जनावर वेगळे वागते, वेगळे खाते आणि वेगळ्या कारणाने आजारी पडते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: स्वतःचा दिवस तपासा

कोंबड्यांना दिवसातून दोन वेळा माणूस लागतोच. उजाडताना दार उघडायला आणि अंधार पडताना बंद करायला. मधल्या वेळेत त्या आपापल्या कामात असतात. सहा-सात कोंबड्यांचे रोजचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते, पण ते आजारपणात, सणासुदीला, भर पावसातही उरकावेच लागते. म्हणून घरातल्या सगळ्यांसमोर हा प्रश्न आधी मांडा: आपण दोन दिवस बाहेरगावी गेलो तर संध्याकाळी दार कोण लावणार? त्या माणसाचे नाव ठरले नसेल तर कोंबड्या आणण्याची घाई करू नका.

याच टप्प्यावर आणखी दोन कामे उरकून घ्या. आपल्या भागात घराशेजारी पक्षी आणि जनावरे पाळायला परवानगी आहे का, किती पाळता येतात, कोंबडा चालतो का, हे स्थानिक कार्यालयात विचारा. शेजाऱ्यांच्याही कानावर घाला. दुसरे म्हणजे पशुवैद्य शोधून ठेवा. जनावरांचे सगळेच डॉक्टर पक्ष्यांवर उपचार करतात असे नाही, आणि हे आजारी कोंबडी हातात घेऊन कळणे फार उशिराचे असते.

दुसरी पायरी: खुराडे

नवख्या माणसाने पैसा आणि डोके सर्वांत जास्त कुठे खर्च करावे, तर खुराड्यावर. खाद्य बदलता येते, जात बदलता येते, पण चुकीचे खुराडे रोज त्रास देते.

जागेचा हिशोब असा धरा. रात्री बसण्याच्या बंदिस्त भागात दर कोंबडीमागे तीन ते चार चौरस फूट, आणि दिवसा वावरायच्या जाळीच्या अंगणात आठ ते दहा चौरस फूट. मोकळ्या वाडीत सोडणार असाल तरी अंगण हवेच, कारण काही दिवस त्यांना कोंडून ठेवावे लागते. जागा कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. एकदा रक्त दिसले की बाकीच्या त्याच जागी चोच मारत राहतात आणि ते थांबवणे अवघड होते.

बसायला दांडी द्या. दर कोंबडीला आठ ते दहा इंच, दांडीची जाडी साधारण दोन इंच, कडा गोल केलेल्या. दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंचावर हवी. कोंबडीला झोपायला सर्वांत उंच जागा आवडते. खोकी उंच असतील तर ती खोक्यातच झोपेल आणि सकाळी अंडी विष्ठेत लडबडलेली मिळतील. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते, साधारण एक फूट लांब, रुंद आणि उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात, आत भरपूर पेंढा. खोकी कितीही ठेवली तरी सगळ्यांना त्यातले एकच आवडते आणि त्यासाठी रांग लागते. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

हवा खेळती ठेवा. लोक थंडीच्या भीतीने खुराडे चारी बाजूंनी बंद करतात आणि कोंबड्या आजारी पडतात. पिसे फुगवून बसलेली धडधाकट कोंबडी थंडी सोसते. ओल आणि कोंदट हवा तिला सोसत नाही. झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर ठेवा, म्हणजे झोत अंगावर येत नाही आणि दमट हवा वरून निघून जाते. याची चाचणी सोपी आहे. सकाळी दार उघडताच खाली वाकून श्वास घ्या. नाकाला झोंबणारा वास आला तर तो अमोनिया आहे. तो कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडवतो. त्याच दिवशी ओली गादी काढा आणि झरोके वाढवा.

जमिनीवर लाकडाचा भुसा, तूस किंवा बारीक पेंढ्याची चार ते सहा इंच जाड गादी घाला. ती वरखाली करत राहायची, वर नवा थर टाकत राहायचा. कोरडी गादी हातात घट्ट दाबून मूठ उघडली की मोकळी होते. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली.

आता जाळी. षटकोनी भोकांची नाजूक जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरा, म्हणजे घूस, मुंगूस आणि साप यांनाही अडसर होतो. उकरून आत शिरणाऱ्या प्राण्यांसाठी जाळीचा दीड-दोन फुटी पट्टा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर माती टाका. प्राणी भिंतीला लागून उकरतो, जाळी लागली की थांबतो, दोन पावले मागे सरून उकरायचे त्याच्या लक्षात येत नाही. वरूनही जाळी हवी, घार आणि मांजर दोन्ही वरून येतात. दाराला नुसता आकडा पुरत नाही. अडकवल्यावर पुन्हा खिळी घालावी लागेल अशी कडी लावा.

तिसरी पायरी: पक्षी आणणे

पहिल्यांदा पाच ते सात माद्या पुरेत. कोंबडी कळपातला पक्षी आहे, तीनपेक्षा कमी ठेवू नका. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा ठेवा.

पिल्ले आणावीत की तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या? माझा कौल नवख्यांसाठी स्पष्टपणे तलंगांना आहे. चार-साडेचार महिन्यांची तलंग आणली तर ती थोड्याच आठवड्यांत अंडी घालू लागते आणि पिल्लांचा सर्वांत नाजूक काळ टळतो. घेताना लसीकरण कोणते झाले आहे ते लेखी मागा.

तरीही पिल्लेच आणायची असतील तर ऊब हा एकच विषय पहिले महिनाभर डोक्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 32 ते 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, अंगावर पुरती पिसे येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे. थर्मामीटर लावाच, पण खरे उत्तर पिल्ले देतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून किलबिलाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, भिंतीला चिकटून, चोची उघड्या टाकून असतील तर उकडते आहे. सगळीकडे पसरून खात-पीत, मध्येच लवंडून झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. दिवा साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका. तो भुशावर पडून आगी लागतात.

नव्या कोंबड्या आणल्यावर त्यांना आठवडाभर खुराड्यात आणि अंगणातच ठेवा. हे आपले घर आहे हे त्यांच्या मनात बसले की मोकळ्या सोडल्या तरी तिन्हीसांजेला त्या आपण होऊन परततात. पुढे कधी कळपात नवे पक्षी मिसळायचे झाले तर आधी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवा, मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून नजरानजर होऊ द्या. तरी थोडी मारामारी होणारच. कोण आधी खाणार आणि कोण मागे सरणार हे त्या आपसांत ठरवतात, त्यात माणसाने पडायचे नसते. रक्त आले तरच वेगळे काढा.

चौथी पायरी: दाणापाणी

अंडी देणारी मध्यम आकाराची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांना महिन्याला साधारण 21 किलो धरा. कोंबडीपालनात 60 ते 70 टक्के खर्च खाद्यावरच होतो, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर भागवण्याचा मोह होतो. उरलेले अन्न चटकमटक म्हणून द्या, दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. नुसत्या धान्यावर कोंबडी जगते, पण अंड्याला लागणारी प्रथिने आणि कॅल्शियम त्यातून निघत नाही.

वयाप्रमाणे खाद्य बदलते. पिल्लांना 18 ते 20 टक्के प्रथिनांचे स्टार्टर, अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असलेले लेयर खाद्य. हे लेयर खाद्य पिल्लांना कधीही घालू नका. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाते. कोंबडीला दात नाहीत, दाणे दळायचे काम पोटातले खडे करतात. म्हणून कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांना बारीक खडीही द्यावी लागते.

अव्होकाडो, हिरवे पडलेल्या बटाट्याच्या साली, कच्ची वाळलेली कडधान्ये, खूप खारट पदार्थ आणि बुरशी लागलेले काहीही देऊ नका. बुरशीच्या बाबतीत कडक राहा. ती वरून झटकून टाकली तरी विष दाण्यात उतरलेले असते. खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका. पोते उघडे राहिले की उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

पाणी खाद्याहून महत्त्वाचे. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हात दुप्पट. तिला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून लांब धरणे एवढेच तिच्या हाती असते. उन्हाळ्यात भांडे सावलीत ठेवा, दुपारी पाणी बदला आणि एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दबलेल्या कोंबडीलाही प्यायला मिळते. भांड्याच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागले तर घासा.

पाचवी पायरी: रोजची फेरी

खरे कसब इथे आहे. आजारी कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळेपणा दाखवणे तिला परवडत नाही. ती कोपऱ्यात पिसे फुगवून डोळे मिटून बसलेली दिसते, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. म्हणून ती धडधाकट असताना कशी दिसते हे आपल्याला पाठ हवे.

सकाळी दार उघडून घाईने निघून जाऊ नका. दाणे टाका आणि दोन मिनिटे नुसते उभे राहा. सगळ्या धावत आल्या का? एखादी मागे राहिली का, लंगडते का, शेपटी खाली पाडून चालते का? तुरा लालभडक आहे की फिकट, की निळसर? श्वासाला घरघर आहे का? दांडीखालची विष्ठा बघा. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली. अधूनमधून पडणारी पातळ, तपकिरी, उग्र वासाची विष्ठाही नेहमीचीच आहे, तिला घाबरू नका. रक्त दिसले किंवा ती सतत हिरवट पाण्यासारखी असली तर मात्र हालचाल करा.

महिन्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घ्या. अंधार पडल्यावर ती दांडीवर सुस्तावलेली असते, तेव्हा सहज धरता येते. एक हात छातीखाली घाला, पाय बोटांमध्ये धरा, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी दाबून तिला कुशीत घ्या. थोडी कुरकुर करेल आणि गप्प होईल. आता छातीच्या मधल्या हाडावरून बोटे फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले तर ती वाळते आहे, मग ती वरून कितीही गुबगुबीत दिसो. मानेच्या तळाशी उजव्या बाजूला अन्नपिशवी चाचपा. संध्याकाळी ती भरलेली असते. हीच पिशवी सकाळी दाणे टाकण्याआधी रिकामी असायला हवी. सकाळीही ती टणक गोळ्यासारखी किंवा पाणी भरल्यासारखी लागली तर अन्न अडकले आहे. शेपटीखालची पिसे फुंकर मारून बाजूला करा. पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर त्या उवांच्या लिखा. शेवटी तळपाय उलटा करून पाहा. मध्यभागी काळी खपली असेल तर आत गळू आहे. पायावरचे खवले उचललेले, खरखरीत दिसले तर खवल्यांखाली किडे आहेत.

उवा-पिसवांवर पहिला उपाय कोंबडीच करते. कोरड्या मातीत ती लोळते आणि धूळ पिसांत घोळवून झटकते. पावसाळ्यात वाडीत कोरडी माती उरत नाही, तेव्हा छपराखाली एका पसरट पाटीत माती आणि वाळू भरून ठेवा. दांडीच्या फटीही बघत जा. तिथे दिवसा दडून रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे असतात. पांढरा कागद फटीवर घासला आणि त्यावर रक्ताचे डाग उमटले की समजावे.

एक वही ठेवा. तारीख, किती अंडी, खाद्य कधी आणले, कोण कशी वागली, एवढेच लिहायचे. अंडी घटली तर कधीपासून घटली हे वहीतून लगेच कळते.

सहावी पायरी: अंडी

तलंग साधारण 18 ते 22 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. सुरुवातीची अंडी लहान, कधी मऊ कवचाची, कधी दोन बलकांची असतात. महिन्याभरात घडी बसते. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे रोज अंडे येत नाही आणि वेळ पुढे पुढे सरकते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कारण अंड्यासाठी कोंबडीला 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. वर्षातून एकदा जुनी पिसे झडून नवी येतात, ते दोन-तीन महिने अंडी जवळजवळ बंद. या काळात कोंबडी भिकार दिसते. तिला आजारी समजून औषधे देऊ नका, प्रथिने थोडी वाढवा आणि हाताळू नका, नवी पिसे फुटताना दुखतात.

दिवसातून दोनदा अंडी गोळा करा. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो, तो जंतू आत शिरू देत नाही. धुतल्यावर तो जातो, म्हणून स्वच्छ अंडी न धुता ठेवा आणि वापरण्याआधी धुवा. मळकट अंडे धुवायचेच असेल तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण कवचाच्या छिद्रांतून आत ओढली जाते. कोंबड्यांना किंवा अंड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा नियम घरातल्या लहान मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. निरोगी दिसणारी कोंबडीही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगून असू शकते.

कोंबडी खोक्यातून उठेनाशी झाली, हात नेला की फुगून चोच मारू लागली, की ती खुडूक झाली. पिल्ले नको असतील तर तिला दोन-तीन दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाण्यासह, पेंढा न देता ठेवा. बहुतेक वेळा उतरते. पिल्ले हवी असतील तर तिच्यासारखे उबवणयंत्र नाही. दहा-बारा फलित अंडी सगळी एकाच दिवशी तिच्याखाली ठेवा, म्हणजे पिल्ले एकदमच, 21 दिवसांनी निघतील. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरून पाहा. जाळे पसरल्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असणार, त्यांचे काय करायचे हे अंडी ठेवण्याआधी घरात ठरलेले असावे.

सातवी पायरी: आजार आणि मरण

लसीकरणाचे वेळापत्रक आपल्या पशुवैद्याकडून घ्या, भागाप्रमाणे ते बदलते. रानीखेत म्हणजे मानमोडी, देवी आणि मरेक हे विषाणूजन्य आजार आहेत. त्यांच्यावर औषध नाही, लस हाच उपाय. रक्ती हगवण मात्र औषधाने बरी होते. ती बहुधा तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ओल्या गादीमुळे होते आणि वेळेत पाण्यातून औषध गेले तर पिल्ले वाचतात. आजारी पक्षी लगेच वेगळा काढा, त्याचे काम सगळ्यात शेवटी करा आणि त्यासाठी चपला वेगळ्या ठेवा.

एक-दोन दिवसांत अनेक पक्षी पटापट मेले, तोंडे सुजली, तुरे काळेनिळे पडले, तर मेलेले पक्षी हाताळू नका, पुरू नका, कोणाला देऊ नका. ताबडतोब पशुवैद्यकीय खात्याला कळवा. बर्ड फ्लूची शंका असताना गप्प बसणे शेजारच्या प्रत्येक वाडीवर अन्याय आहे.

एरवी अधूनमधून एखादी कोंबडी मरतेच, कधी कारणही कळत नाही. विहिरीपासून आणि पाण्याच्या वाटेपासून लांब, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. मुलांना खरे सांगा.

आठवी पायरी: दुसरा प्राणी

बदके आणि ससे यांच्यावर थोडक्यात. बदके कणखर असतात आणि गोगलगायी वेचून खातात, पण पाण्याचा चिखल करतात. त्यांना पोहायला तळे नसले तरी चालते, नाकपुड्या बुडतील एवढे खोल भांडे मात्र हवे. त्यांना कोंबड्यांच्याच खुराड्यात ठेवले तर गादी कधीच कोरडी राहत नाही. बदकाची अंडी 28 दिवसांनी फुटतात. ससे शांत आणि कमी जागेत राहणारे, पण उकाड्याने मरतात. तापमान तिशीच्या पुढे जाणाऱ्या ठिकाणी गर्द सावली आणि वारा देता येत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. टर्की आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. कोंबड्यांत फारशी लक्षणे न दाखवता राहणारा ब्लॅकहेड हा आजार टर्कींना मारतो.

आता शेळी. दुधासाठी गायीआधी शेळीच पाळावी असे माझे ठाम मत आहे. आकार आवाक्यातला, चारा कमी, आणि चूक झाली तरी निस्तरता येते. पण एकटी शेळी कधीही आणू नका. ती दिवसभर ओरडते, खात नाही, कुंपण तोडते. किमान दोन हव्यात.

कुंपण चार फुटांपेक्षा कमी नको, आणि त्याच्या जवळ ज्यावर चढता येईल असे काही नको. शेळी गवत कापणारे यंत्र नाही. ती झुडपांचा पाला ओरबाडणारी आहे, फळझाडांच्या साली सोलून काढते. झाडे वाचवायची असतील तर शेळ्यांना नाही, झाडांना कुंपण घाला. वाडीत कण्हेर आणि घाणेरी असेल तर शेळी येण्याआधी मुळासकट काढा. दोन्ही विषारी आहेत, कण्हेरीची तर थोडी पानेही जीव घेतात. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारीही खाऊ घालू नका.

चारा नेहमी गव्हाणीत, जमिनीपासून उंच द्या. लेंड्यांतून पडलेल्या जंतांच्या अळ्या गवताच्या बुडाशी असतात आणि तिथे तोंड घातले की पोटात जातात. शेळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू जंतच आहे. दर पंधरवड्याला खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. गडद गुलाबी किंवा लालसर चांगला, पांढुरका म्हणजे जंत रक्त पीत आहेत. जंतनाशक मात्र वजन करून, पशुवैद्याच्या सल्ल्यानेच. अंदाजे कमी मात्रा देत राहिलात की जंत त्याला दाद देईनासे होतात. खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटा. आंत्रविषार हा आतड्यांचा आणि पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य आजार, या दोन्हींवरच्या लसी चुकवू नका.

आणि हे ठळक अक्षरांत दारावर लिहून ठेवण्यासारखे आहे: कोंबड्यांचे खाद्य शेळीच्या तोंडी लागता कामा नये. धान्याचा डबा उघडा सापडला तर शेळी पोट फुटेस्तोवर खाते. मग पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होते, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते आणि काही तासांत ती दगावू शकते. असे झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. खाद्याची खोली आणि शेळ्यांची जागा यांच्यामध्ये दोन बंद दारे असावीत.

दूध हवे तर शेळी दरवर्षी-दीड वर्षाला विणार, हे आधी मनाशी नीट धरा. व्यायल्याशिवाय दूध नाही. म्हणजे बोकड शोधणे आले, करडे आली, त्यातल्या नरांचे पुढे काय, हा प्रश्नही आला. माज साधारण 21 दिवसांनी येतो आणि दीडेक दिवस टिकतो. शेपूट सारखी हलवणे, ओरडणे, खाण्यावरून लक्ष उडणे यावरून ओळखा. गाभण काळ सुमारे 150 दिवस. दिवस भरत आले की कास ताठते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांसारख्या शिरा सैल पडतात, शेळी कळपापासून बाजूला जाऊन खुराने जमीन उकरते. बहुतेक शेळ्या आपल्या आपण वितात. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि पुढे काहीच सरकत नसेल तर डॉक्टरांना बोलवा. करडू बाहेर आले की नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळेला आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, थोडा थोडा करून, पोटात गेला पाहिजे. रोगांशी लढण्याची ताकद त्याला या चिकातूनच मिळते, आणि दिवस उलटल्यावर आतडी ती शोषून घेत नाहीत.

धार काढताना आधी सड धुऊन पुसा, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून बघा. गाठी किंवा रक्त दिसले तर कासदाह, म्हणजे कासेची सूज. घरचे असले तरी दूध उकळूनच प्या. ब्रुसेलोसिस हा तापाचा जिवाणूजन्य आजार निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही माणसाला होतो.

नववी पायरी: खत

कोंबडीखत तेज असते, ताजे टाकले तर रोपे करपतात. एक भाग खताला दोन-तीन भाग वाळका पाला, भुसा किंवा पेंढा मिसळा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा, ढीग किमान तीन फूट उंच करा आणि मधूनमधून वरखाली करा. आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापला म्हणजे काम चालू आहे. चार-सहा महिन्यांत मातीचा वास येणारे खत मिळते. सशांच्या लेंड्या थेट झाडांना चालतात. न कुजलेले खत आणि पालेभाज्या-कंदांची काढणी यांत किमान चार महिने जाऊ द्या. कोंबड्यांना भाजीच्या वाफ्यात फक्त काढणीनंतर सोडा. उभ्या पिकात त्या तासाभरात सगळे उकरून ठेवतात.

दहावी पायरी: दुसरे वर्ष

दुसऱ्या वर्षापासून अंडी दरवर्षी कमी होत जातात, आणि नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षे सहज जगते. म्हणजे अंडी न देणाऱ्या कोंबड्यांना जागा आणि दाणे द्यायचे, विकायच्या, की खायच्या, हे आता ठरवावे लागते. तिन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. ठरवलेच नाही तर खुराडे भरत जाते आणि नव्या तलंगांना जागा उरत नाही. सोयीस्कर मार्ग म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी तीन-चार तलंगा भर घालायच्या, आणि खुराड्याची मर्यादा ओलांडायची नाही.

बाहेरगावी जाताना दार लावणाऱ्यासाठी एक कागद खुराड्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर एकूण कोंबड्या किती, खाद्य किती मापे, दार किती वाजता, शेळ्यांच्या डब्याची किल्ली कुठे आणि डॉक्टरांचा नंबर. जाण्याआधी एका संध्याकाळी त्या माणसालाच सगळे करायला सांगा आणि आपण बाजूला उभे राहा. दांडीवरच्या कोंबड्या मोजून मगच कडी लावायची, हे त्याच्या हातून एकदा झालेले बघा.